घरातली हिंसा : कायदा, गाव आणि बाईचं सावरणं

घरातली मारहाण पोलिसांच्या आधी शेजाऱ्यांना कळते. भिंतीपलीकडून आवाज येतो, सकाळी विहिरीवर वळ दिसतो, मुलं शाळेत गप्प बसून राहतात. तरीही ‘नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून विषय तिथेच संपतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या महिलांपैकी सुमारे २५ टक्के महिलांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशात हे प्रमाण सुमारे २९ टक्के होतं. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या भारतीय महिलांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के.

कायदा या १४ टक्क्यांपर्यंत कसाबसा पोहोचतो. उरलेल्या बायकांच्या आसपास असतात ती फक्त त्यांच्या वाडीतली, आळीतली माणसं. म्हणूनच जगभरात हिंसेवरच्या कामाचा एक भाग आता पोलीस ठाण्याबाहेर, वस्तीत आणि गावात होऊ लागला आहे.

लोकांच्या पुढाकाराने सावरणं म्हणजे काय?

गुन्हा नोंदवणं, खटला चालणं आणि शिक्षा होणं हा न्यायाचा एक भाग झाला. पण मार खाल्लेल्या बाईला त्यानंतरही रोजचं जगणं असतं. रात्री झोपायचं कुठे, मुलांची शाळा कशी चालू ठेवायची, हातात पैसा कुठून यायचा, गावातल्या हळदीकुंकवाला आपल्याला बोलावतील का, हे प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटत नाहीत.

या प्रश्नांची जबाबदारी आसपासच्या लोकांनी घ्यायची, म्हणजेच लोकांच्या पुढाकाराने सावरणं. त्यात साधारण चार गोष्टी येतात. पहिली, बाईचं म्हणणं शंका न घेता ऐकणं. दुसरी, तिला आणि मुलांना सुरक्षित जागा मिळवून देणं. तिसरी, दवाखाना, पोलीस, न्यायालय या वाटेवर तिच्या सोबत जाणं. चौथी, पुन्हा कमावायला लागून गावात मान वर करून वावरता येईल इतका तिला आधार देणं. मारणाऱ्याला वठणीवर आणणं आणि पुढच्या पिढीतल्या मुलग्यांशी बोलणं हेही याच कामात धरलं जातं.

हे काम कायद्याच्या जागी येत नाही. ते बाईला कायद्यापर्यंत पोहोचवतं आणि कायद्याचं काम संपल्यावरही तिच्यासोबत राहतं.

किनाऱ्यावरच्या गावात अडचण कुठे येते?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर समुद्रकाठच्या शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ओळखलं जातं. इथे किंवा या किनारपट्टीवर हिंसा इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, असं नाही. पण अशा गावात बाई आणि मदत यांच्यामध्ये काय काय येतं, ते इथल्या घडणीवरून नीट समजतं.

पहिली अडचण अंतराची. तालुक्याचं ठिकाण देवगड आणि जिल्ह्याचं ठिकाण ओरोसजवळचं सिंधुदुर्गनगरी. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयात एसटीने जाऊन यायचं तर दिवस मोडतो. घरी न सांगता एवढा वेळ बाहेर राहणं ज्या बाईला मार पडतो तिलाच सर्वांत अवघड असतं.

दुसरी अडचण भावकीची. कोकणातली वस्ती वाड्यांमध्ये विभागलेली असते आणि एका वाडीत बहुधा एकाच आडनावाची घरं असतात. म्हणजे शेजारी हे नवऱ्याचे चुलते आणि चुलतभाऊ. साक्षीदार तेच आणि नातेवाईकही तेच. सासरी आलेल्या बाईला ‘आपलं’ म्हणावं असं माणूस त्या वाडीत नसण्याचीच शक्यता जास्त.

तिसरी अडचण चाकरमानी कुटुंबाची. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कामासाठी मुंबईला जात राहिल्याचा त्यात मोठा वाटा आहे. अशा घरात छळ मारहाणीच्याच रूपात दिसतो असं नाही. नवऱ्याने पैसे न पाठवणं, सासरच्यांनी घरखर्च हातात न देणं, फोनवर पाळत ठेवणं, गणपतीला किंवा शिमग्याला घरी आल्यावर संशयावरून छळणं, हीही हिंसाच. पण अंगावर वळ नसल्यामुळे गाव तिला हिंसा मानत नाही.

चौथी अडचण निर्णयाच्या जागेची. देवळासमोर गाऱ्हाणं घालणं ही या भागातली जुनी रीत आहे. गावऱ्हाटीत मान असतो तो मानकऱ्यांना, आणि हे मानकरी परंपरेने पुरुष असतात. गावापुढे गाऱ्हाणं मांडायची पद्धत आहे, पण ज्या घरावर तक्रार आहे त्याच घरातल्या सुनेला स्वतःचं गाऱ्हाणं तिथे मांडता येईल अशी सोय त्या रीतीत नाही.

कायदा गावाला काय सांगतो?

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे, म्हणजे नवऱ्याला तुरुंगात धाडण्यापेक्षा बाईला संरक्षण मिळवून देणं हा त्याचा हेतू आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे हिंसेचे चार प्रकार तो मानतो. पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी आणि लग्नासारख्या नात्याने एकत्र राहणारी बाई यांनाही त्याचा आधार घेता येतो.

गावाच्या दृष्टीने या कायद्यातलं कलम ४ सर्वांत महत्त्वाचं आहे. हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. तिने हे प्रामाणिकपणे केलं असेल तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजारीण, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक यांपैकी कुणीही कळवू शकतं. ‘दुसऱ्याच्या घरात पडायचं नाही’ या समजुतीला कायद्यानेच दिलेलं हे उत्तर आहे.

त्यानंतर संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतो आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो. दंडाधिकारी नवऱ्याला मारहाणीपासून मनाई करू शकतात, बाईला राहत्या घरातून काढू नये असा आदेश देऊ शकतात, खर्च, भरपाई आणि मुलांचा तात्पुरता ताबाही देऊ शकतात. घर बाईच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा तिचा हक्क कलम १७ मान्य करतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी १९८३ मध्ये आलेलं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ हा वेगळा, फौजदारी मार्ग आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे. वकिलाच्या खर्चाची भीती अनेकींना मागे खेचते. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असलं तरी महिलेला मोफत वकील मिळू शकतो, आणि तो तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून मागता येतो.

महाराष्ट्रात हे काम कसं उभं राहिलं?

संकटातल्या बाईसाठी समाजानेच दार उघडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कोकणात इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये देवरुखला ‘मातृमंदिर’ सुरू केलं. बायकांचं बाळंतपण आणि निराधार मुलांचा सांभाळ अशा कामांतून ती संस्था वाढली.

हिंसेचा प्रश्न देशाच्या चर्चेत आणणारी घटनाही महाराष्ट्रातलीच. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, हा त्यातला एक मुद्दा होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आदिवासी आणि गरीब बाईचा शब्द व्यवस्थेला सहज अविश्वसनीय वाटतो, हे या प्रकरणाने दाखवून दिलं.

पुढच्या काळात मदतीच्या तीन वेगवेगळ्या वाटा तयार झाल्या.

पहिली पोलीस ठाण्याची. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात आणि बाईची बाजू घेऊन काम करतात, हे त्याचं वेगळेपण. पुढे राज्य सरकारने ही पद्धत स्वीकारली आणि राज्याच्या इतर भागांतही असे कक्ष सुरू झाले.

दुसरी दवाखान्याची. मार लागलेली बाई पोलिसांकडे गेली नाही तरी मलमपट्टीला जातेच. हे ओळखून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. ‘जिन्यावरून पडले’ असं सांगणाऱ्या बाईला शांतपणे पुढचा प्रश्न विचारायला तिथे डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवलं गेलं.

तिसरी वाट गावाची आणि वस्तीची. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ संस्था १९८७ पासून गावातल्याच बायकांना आरोग्य आणि समुपदेशनाच्या कामासाठी तयार करत आली आहे. धारावीत ‘स्नेहा’ संस्थेच्या ‘संगिनी’ म्हणजे वस्तीतल्याच स्वयंसेविका. चाळीतल्या ओट्यावर बसूनच त्या हिंसा ओळखतात आणि बाईला पुढच्या मदतीपर्यंत नेतात. या वाटेवर मदत करणारी बाई परकी नसते आणि तिला भेटायला वेगळं कारण द्यावं लागत नाही. पहिल्यांदा तोंड उघडणं त्यामुळे सोपं जातं.

दारू आणि घर

हिंसेचं मूळ दारूत नसतं. न पिणारेही मारतात. पण दारूने मारहाणीची वारंवारता आणि तीव्रता वाढते. म्हणून महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी एकत्र येण्याचं पहिलं निमित्त अनेकदा दारूच ठरलं. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. इतरत्र ‘उभी बाटली-आडवी बाटली’ मतदान होतं. महिलांच्या मागणीवरून गावात गुप्त मतदान घेतलं जातं आणि आडव्या बाटलीला ठरलेलं बहुमत मिळालं तर दुकान बंद होतं. दुकान बंद झाल्याने हिंसा थांबतेच असं नाही, आणि चोरटी दारूही येते. पण बायकांची एकजूट शिल्लक राहते. पुढे कुणाला मार पडला की हाक कुणाला मारायची, हे ठरलेलं असतं.

दुसरा प्रश्न घराचा. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर जमीन नव्हती आणि घरही नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के महिलांनी दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. जायला जागा असलेल्या बाईवर हात उचलताना माणूस विचार करतो, असा याचा साधा अर्थ निघतो.

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं. आज ग्रामपंचायतीच्या घर नोंदीत नवराबायको दोघांची नावं लावता येतात. कोकणात सामायिक सातबाऱ्यावर भावकीतली बरीच नावं असतात आणि वाटण्या रेंगाळलेल्या असतात, त्यामुळे जमीन नावावर होणं कठीण जातं. घरपट्टीच्या नोंदीवर नाव लावून घेणं ही म्हणूनच इथे जवळची पायरी ठरते.

कॅनडातल्या इनुइट बायकांचा अनुभव

अंतर, तुटपुंज्या सोयी आणि सगळे एकमेकांना ओळखणारं गाव, हाच पेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कॅनडातल्या इनुइट स्त्रियांपुढे आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या त्यांच्या ५१ वस्त्यांपैकी बहुतेकींना रस्ता नाही. विमान किंवा बोट हाच मार्ग. बहुसंख्य वस्त्यांत छळातून सुटलेल्या बाईला आसरा देणारं निवारागृह नाही. सुटायचं म्हणजे गाव, भाषा आणि नातेवाईक सोडून दक्षिणेतल्या शहरात जायचं, आणि तिथे धोके वेगळेच.

या प्रश्नावर ‘पाउक्टूटिट’ ही इनुइट स्त्रियांची राष्ट्रीय संघटना १९८४ पासून काम करते. बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रिया आणि मुलींविषयीच्या राष्ट्रीय चौकशीचा अंतिम अहवाल ३ जून २०१९ रोजी आला. त्यात न्यायासाठी २३१ मागण्या होत्या. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत टाकणं, कुटुंबांना सक्तीने दुसरीकडे हलवणं, अशा सरकारी धोरणांच्या जखमा आजच्या हिंसेशी जोडलेल्या आहेत, असं तो अहवाल मांडतो.

म्हणून तिथे ‘उपचार’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरतात. नुनावूत प्रदेशातल्या क्लाईड रिव्हर या छोट्या गावात ‘इलिसाकसिविक’ ही गावकऱ्यांची संस्था आहे. तिथे इनुइट समुपदेशक स्वतःच्या भाषेत बोलतात आणि कुटुंबांना वडीलधाऱ्यांसोबत बर्फाळ रानात नेऊन शिकार, शिवण, जुनी कौशल्यं यांच्या निमित्ताने बोलतं करतात. पण पाउक्टूटिटने अशा कामाबरोबरच निवारागृहांसाठी सरकारकडे पैशांची मागणी लावून धरली. गावाने सावरायचं म्हणजे सरकारने हात झटकायचे, असा अर्थ तिथल्या बायकांनी घेतला नाही.

गावच चुकतं तेव्हा

‘समुदाय’ हा शब्द ऐकायला गोड असला तरी बाईला गप्प बसवणाराही अनेकदा समुदायच असतो. महाराष्ट्रात जातपंचायतींनी कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या घटनांनंतर २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतून छोटे वाद गावात मिटवण्याची पद्धत रुजली. पण बांधावरून झालेलं भांडण आणि घरातली मारहाण एकाच तराजूत घातली की बाईचं नुकसान होतं. बांधाच्या वादात दोन्ही बाजू साधारण सारख्या ताकदीच्या असतात. मारणारा आणि मार खाणारी तशी नसतात.

म्हणून काही मर्यादा पाळाव्या लागतात. तडजोड करायची की नाही हे बाईने ठरवायचं, बैठकीने नाही. तिला नवऱ्यासमोर सर्वांदेखत बोलायला लावायचं नाही. ‘पुन्हा मारणार नाही’ एवढ्या लेखी हमीवर तिला परत पाठवायचं नाही. मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर गावात मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाही गुन्हा आहे.

गाव नीट वागू शकतं याचीही उदाहरणं आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने सगळ्यांची मनं लगेच बदलत नाहीत. पण नकार देणाऱ्या बाईला ‘गावाचा ठराव आहे’ असं म्हणता येतं, आणि एकटीने विरोध करण्यापेक्षा ते सोपं असतं.

याने खरंच फरक पडतो का?

युगांडातल्या कंपाला शहरात ‘सासा’ नावाचा उपक्रम वस्त्यांमध्ये चालवला गेला आणि त्याची शास्त्रीय तपासणी झाली. शेजाऱ्यांमधूनच निवडलेले स्त्री-पुरुष कार्यकर्ते रोजच्या बोलण्यातून नवराबायकोतल्या सत्तेविषयी चर्चा घडवत. काही वर्षांनी या वस्त्यांमध्ये जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा उपक्रम नसलेल्या वस्त्यांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी कमी आढळली. कामात पुरुष होते, हे त्याचं एक वैशिष्ट्य. महाराष्ट्रात ‘मावा’ ही पुरुषांची संघटना १९९३ पासून तरुण मुलग्यांशी याच विषयावर बोलत आहे.

गावात काय करता येतं?

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर न उरकता तिथे हा विषय बोलता येतो. बचत गट, अंगणवाडी आणि आशा कार्यकर्ती यांच्यापैकी दोघीतिघींची नावं गावाला माहीत असावीत, आणि त्यातली किमान एक त्या बाईच्या भावकीबाहेरची असावी. रात्री-अपरात्री उघडेल असं एक घर ठरलेलं असावं. दवाखान्यात खरं कारण सांगून त्याची नोंद करून घ्यावी, कारण पुढे तोच पुरावा होतो. ओळखीची कागदपत्रं, बँकेचं पासबुक आणि मुलांचे दाखले यांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवता येतात.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. ज्या बाईचा फोन तपासला जातो, तिच्यासाठी हे क्रमांक शेजारणीच्या फोनवरून लावावे लागतात.